वाचनालयाच्या संकेतस्थळाचा मेन्यू सर्वांना वापरता यावा म्हणून

मुखपृष्ठ, ग्रंथसूची, सभासदत्व, संपर्क. दुवे चारच, पण दृष्टिहीन वाचक ते स्क्रीन रीडरवर ऐकणार. त्यामुळे रंगसंगतीआधी टॅग नीट करून घ्या.

सुरुवात अगदी वरून, एचटीएमएल टॅगपासून. तिथल्या 'लँग'पुढे 'एमआर' लिहा. तयार टेम्पलेटमध्ये बहुधा इंग्रजीची खूण असते. ती तशीच राहिली, तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तावडीत सापडतो.

मग चारही दुवे 'नॅव्ह'मध्ये घ्या. आत एक 'यूएल', आणि प्रत्येक दुव्याला स्वतंत्र 'एलआय'. 'यूएल'च्या थेट आत 'डिव्ह' किंवा 'ए' ठेवला की मार्कअप अवैध ठरते. पानाच्या तळाशी दुसरा मेन्यू असेल, तर 'एरिया-लेबल'ने दोघांना वेगळी नावे द्या.

दुवा म्हणजे 'एचरेफ' असलेला 'ए'. 'डिव्ह'ला 'ऑनक्लिक' चिकटवून काम भागवणारे पुष्कळ. माउसने ते चालते, टॅब कळ मात्र त्यावर थांबतच नाही. उपमेन्यू उघडायचा असेल तर 'बटन' वापरा, त्याची उघडी-मिटलेली स्थिती 'एरिया-एक्सपांडेड'मध्ये बदलत ठेवा. 'ए'च्या आत 'बटन' कोंबू नका, तेही अवैधच.

आता शब्द. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणारा इन्सर्ट आणि एफ७ दाबून पानावरच्या दुव्यांची नुसती यादी काढतो. तिथे ओळीने 'इथे क्लिक करा', 'इथे क्लिक करा' ऐकून त्याने काय समजावे? 'सभासदत्वाचा अर्ज' असे सरळ लिहा. घराचे चित्र हाच दुवा असेल, तर 'ऑल्ट'मध्ये 'मुखपृष्ठ' हवे. 'घराचे चित्र' नको.

वाचक ज्या पानावर आहे त्या दुव्याला 'एरिया-करंट' लावून किंमत 'पेज' ठेवा. मेन्यूच्या आधी 'मुख्य मजकुराकडे जा' हा दुवा द्या आणि तो 'मेन'च्या आयडीला जोडा. एका पानात तो आयडी एकदाच यावा. सीएसएसमध्ये 'आउटलाइन नन' दिसले तर काढा, नाहीतर टॅब दाबणाऱ्याला आपण कुठे आहोत तेच दिसत नाही.

शेवटी पान डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरमधून काढा. पहिली चूक आधी दुरुस्त करून पुन्हा तपासा. एक टॅग बंद करायचा राहिला तरी खाली चुकांची रांग लागते. 'इथे क्लिक करा'बद्दल व्हॅलिडेटर चकार शब्द काढणार नाही, म्हणून माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरवर चारही पाने उघडून बघा.