सँडब्लास्टिंग : नावात वाळू, पण वापरात नको!



आयटीआयला किंवा वर्कशॉपमध्ये जाणाऱ्या मुलांच्या कानावर ‘सँडब्लास्टिंग’ हा शब्द हमखास पडतो. दाबाखालच्या हवेने बारीक कण धातूवर आदळवायचे आणि गंज, जुना रंग काढायचा, एवढीच ही युक्ती. अमेरिकेत बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये तिचे पेटंट घेतले. तेव्हा कण वाळूचेच होते, म्हणून हे नाव चिकटले.

मग कण निवडायचे कसे? तीन प्रश्न विचारायचे.

१) कण किती कठीण? मोहस मापनावर खाण्याचा सोडा सुमारे २.५, काच साडेपाच ते सहा, वाळूतले क्वार्ट्झ ७, तर अॅल्युमिनियम ऑक्साइड ९.

२) आकार कसा? गोल मणी पृष्ठभाग ठोकतात, टोकदार कण ओरखडतात.

३) धूळ श्वासात गेली तर काय होईल?

उदाहरण घेऊ. अमेरिकेत जुन्या शिकारी बंदुकांच्या लोखंडी भागांना नवे रूप देणारे कारागीर आहेत. निळसर-काळी झळाळी मंद हवी असेल तर ते काचेचे मणी घेतात. धातू फारसा झिजत नाही. फॉस्फेटचा किंवा रंगाचा थर पक्का बसवायचा असेल तर अॅल्युमिनियम ऑक्साइड. त्याच्या ओरखड्यांत थर धरून राहतो. नुसते तेलकट काजळ काढायचे असेल तर अक्रोडाच्या कवचाचा भुगा पुरतो. भाग तोच, पण पुढे काय करायचे यावर कण ठरतो.

आता तिसरा प्रश्न, सगळ्यात महत्त्वाचा. आदळल्यावर वाळू फुटते आणि डोळ्याला न दिसणारी धूळ फुप्फुसात खोलवर जाते. त्यातून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी या कामात वाळूला मनाई केली. आपल्या कारखाने अधिनियम, १९४८ नेही सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरवला होता. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही.

इथे एखादा हुशार विद्यार्थी विचारेलच : “सर, काचही वाळूपासूनच बनते ना? मग ती कशी चालते?” छान प्रश्न! क्वार्ट्झमध्ये अणूंची रचना शिस्तीत, स्फटिकरूप असते. काचेत ती विस्कळीत असते. सिलिकोसिस होतो तो स्फटिकरूप सिलिकाने. तरी काचेची धूळही नको, आणि उडालेल्या जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून काम बंद पेटीत, हातमोजे घालून आणि धूळ ओढणारा पंखा लावूनच करायचे.

वर्गातली कृती : दोन गंजलेले खिळे घ्या. एक ओल्या सोड्याने घासा, दुसरा पाणी लावून पॉलिश पेपरने. भिंगातून पाहा. कुठे नुसता गंज निघाला, कुठे ओरखडे आले, हे मुलांनाच सांगू द्या.

आणि पालकहो, मुलाला कामाला पाठवण्याआधी मालकाला दोनच प्रश्न विचारा : “ब्लास्टिंगला काय वापरता? आणि धूळ जाते कुठे?” उत्तर ‘वाळू’ आणि ‘हवेत’ असेल, तर तिथे पाठवू नका.