रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणून काय?

अगं बाय, परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुकतीच आडवी झाले होते. ‘ताई, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले,’ एवढं म्हणालीस आणि तुला हुंदका फुटला. मागून तुझ्या नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता, ‘अगं, रडतेस काय, चांगलंच झालं की!’ त्याचं चुकलं नाही. लोक रिपोर्ट नॉर्मल आले की नारळ फोडतात. पण तू का रडलीस ते मला कळलं. अशीच एक फाईल मांडीवर घेऊन मीही एकदा पनवेलहून रोह्याच्या पॅसेंजरमध्ये बसले होते. कासू गेलं, नागोठणं गेलं, तरी पदराने डोळे पुसत होते. समोरच्या बाईला वाटलं, घरात कुणी गेलं असावं.

माझं सुरू झालं २००६ साली, चिकुनगुनियाने. त्या वर्षी महाराष्ट्रभर घराघरात माणसं भिंत धरून चालत होती आणि लोक कोंबडी खायला घाबरत होते. नावात ‘चिकन’ ऐकू येतं ना! खरं तर तो शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, वाकवून टाकणारा अशा अर्थाचा. आपल्याकडे तो ताप नवा नव्हता, १९७३ मध्ये बार्शीत त्याची साथ येऊन गेली होती. असो. आमच्या आळीतले सगळे दोन-तीन महिन्यांत उभे राहिले, मी नाही राहिले. सांधे पुढे निवले, पण अंगातली ताकद कुणीतरी रात्रीत उपसून न्यावी तशी गेली. झोपून उठले तरी न झोपल्यासारखं वाटायचं. बोलताना साधा शब्द आठवायचा नाही, ‘झारा’ म्हणायचं असायचं आणि नुसते हातवारे करायचे. एक डॉक्टर म्हणाले, ‘वहिनी, तुम्हाला काही झालेलं नाही, मन रमवा.’ दुसऱ्यांनी तर माझ्याकडे न बघता आमच्या यांनाच विचारलं, ‘घरात काही टेन्शन आहे का?’ त्या दोघांची नावं मी सांगत नाही, आता त्यांचा रागही येत नाही. पण सहा वर्षं गेली, तेव्हा कुठे मुंबईतल्या एका फिजिशियनने सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर आजाराचं नाव लिहिलं. औषध नाही, हेही त्याच दमात सांगितलं. तरी त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले.

नाव लांबलचक आहे, मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस. दुसरं नाव क्रॉनिक फटीग सिंड्रोम. हे दुसरं नाव मला मुळीच आवडत नाही, कारण ‘फटीग’ म्हटलं की जो तो म्हणतो, थकतो तर आम्हीपण. तुला हेच आहे असं मी ठरवत नाही, मी काही डॉक्टर नाही. पण दीड वर्षापूर्वीच्या डेंग्यूनंतर तू जे सांगते आहेस ते माझ्या वहीत जसंच्या तसं लिहिलेलं सापडेल. बऱ्याच जणींना असा कुठला तरी ताप येऊन गेल्यावरच हे लागतं, कोविडनंतर तर जगभर लागलं. रक्ताची अशी एकही तपासणी अजून नाही की जी ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगेल. लक्षणांवरून आणि बाकीचे आजार वगळूनच ठरवावं लागतं.

तू खारेपाटातली सून आहेस, तुला एका वाक्यात कळेल. उधाणात बांधाला खांड जाते, खारं पाणी शेतात शिरतं आणि ओसरतं. नंतर बांधावरून बघणाऱ्याला जमीन जमिनीसारखीच दिसते. पण भात लावून बघ. ते येत नाही, आणि का येत नाही हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आपलं तसं झालंय. म्हणून कुणी शेतकऱ्याला आळशी म्हणतं का?

आणि हे फक्त आपल्या पेण-रोह्यातल्या डॉक्टरांचं आहे असंही समजू नकोस. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात हाच आजार पसरला. आजारी कोण पडलं? तिथल्या नर्स, डॉक्टर, कर्मचारी, मिळून २९२ जण. हॉस्पिटल जुलैपासून काही महिने बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळले, एकाही रुग्णाला न भेटता, आणि लिहून टाकलं की हा सामूहिक उन्माद होता. त्यांच्या कारणांतलं एक असं की आजाऱ्यांत बायका जास्त! नर्सांच्या हॉस्पिटलात बायका जास्त नाही तर काय पैलवान असणार? त्याच्या आदल्याच वर्षी, १९६९ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार मज्जासंस्थेच्या आजारांत घातला होता. तरी चिकटला तो उन्मादच. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये मोठा अहवाल काढून हा खरा, शरीराचा, गंभीर आजार आहे असं सांगितलं. तिथेही दहातल्या आठ-नऊ रुग्णांना निदान मिळालेलंच नाही, असा त्यांचा अंदाज होता.

आता कामाचं ऐक. या आजाराची खूण थकवा नाही. केलेल्या कामाचं बिल उशिरा येतं, ही खूण. मला ते कळलं आमच्या रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीने. दसऱ्यानंतर पालखी दारावरून जाते म्हणून मी पहाटे उठून अंगण सारवलं, रांगोळी घातली, दुपारपर्यंत उभी होते. त्या दिवशी मला काही झालं नाही, उलट हुरूप होता. दुसऱ्या दिवशीही बरी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी कंगवा उचलेना. पुढचे बारा दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. घरचे म्हणाले, ‘परवा तर रांगोळीला बरी होतीस!’ त्यांना मधला एक दिवस दिसला आणि त्यावरून मी नाटकी ठरले. डॉक्टर याला पोस्ट-एक्झर्शनल मलेझ म्हणतात. एक-दोन दिवसांनी येणारी ही आपट तुला येत असेल, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग.

‘अशक्तपणा वाटतो’ हे वाक्य मात्र टाकून दे. डॉक्टर ते दिवसातून पन्नास वेळा ऐकतात, तुझ्यापाशी येईपर्यंत त्यांच्या कानाला ते लागतच नाही. त्याऐवजी सांग, ‘दोन बादल्या धुणं धुतलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून दोन दिवस उठता येत नाही. डेंग्यूच्या आधी मी आठ तास गणपतीच्या कारखान्यात बसून मूर्तींचे शंभर डोळे आखायचे.’ आधी किती, आता किती. एका कागदावर लिहून ने, नाहीतर तिथे गेल्यावर शब्द पळतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, टीबी हे सगळं एकदा नीट बघून घे, कारण त्यातलं काही निघालं तर त्याला औषध आहे आणि तू सुटशील. उभं राहिल्यावर धडधडतं म्हणालीस ना? मग सांग की आडवं असताना नाडी मोजा आणि दहा मिनिटं उभं करून पुन्हा मोजा. तीसने किंवा जास्त वाढली तर डॉक्टर स्वतःच पुढे विचारतील. आणि वजन उतरायला लागलं, रात्रीचा ताप येऊ लागला, सांधे सुजले, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर ‘ताईलापण असंच होतं’ म्हणून घरी बसू नकोस. ते वेगळं असू शकतं, त्याच दिवशी दाखव.

चालायला जा, व्यायाम वाढवत ने, आपोआप ताकद येईल, हे तुला सगळेच सांगतील. प्रेमाने सांगतील. मलाही सांगितलं. कुंडलिका नदीच्या काठाने रोज शंभर पावलं जास्त, असं मी तीन आठवडे केलं आणि चौथ्यात मोरीपर्यंत जायला भिंत धरायला लागले. ब्रिटनमध्ये तर हा उपचार म्हणून वर्षानुवर्षं दिला जात होता. शेवटी ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या नाइस या संस्थेने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि या आजारात असा ठरवून वाढवत नेलेला व्यायाम देऊ नका म्हणून लिहिलं. बाकीच्या आजारांत चालणं चांगलंच. म्हणून तर लोकांचा विश्वास बसत नाही.

मग करायचं काय? एक वही घाल, शाळेची शंभर पानी. पंधरा दिवस रोज दोन ओळी: आज काय केलं, काल-परवाचं आज काय झालं. तुझी हद्द कुठे आहे ते तुझं तुलाच दिसेल. मग त्या हद्दीच्या अलीकडे थांबायचं, अंगात हुरूप असतानाच. हे फार अवघड आहे. थकल्यावर थांबणं कुणालाही जमतं, बरं वाटत असताना उठून आडवं व्हायला लाज वाटते. ओट्यापाशी स्टूल ठेव, कणिक बसून मळ, आंघोळीला पाट घे आणि त्या दिवशी दुसरं मोठं काम धरू नकोस. टँकरच्या पाण्याला तू जायचं नाहीस, हे मी तुझ्या नवऱ्याला वेगळं सांगणार आहे. कारखान्यात शेठला आजाराचं नाव सांगत बसू नकोस. एवढंच सांग की घासकाम आणि मूर्ती उचलणं जमणार नाही, आखणी करीन, नगावर पैसे द्या. तुझ्यासारखा डोळा आखणारा हात त्याला सहज मिळणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. श्रावणाच्या तोंडावर घाई होते तेव्हा रात्रपाळी मात्र नाही. नाहीच.

एक नाजूक बोलते. मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं तर चिडू नकोस, जा. मी चिडले, गेले नाही आणि दोन वर्षं झोपेवाचून काढली. इतकी वर्षं अंग साथ देत नसलं की मनही खचतंच, त्याला गोळी घेतली म्हणजे आजार खोटा होता असं कबूल केलं, असं होत नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीच हजारांच्या आसपास बायकांना विचारलं होतं. ते २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. शंभरातल्या बारा जणी सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ थकलेल्या निघाल्या. त्या सगळ्यांना आपलाच आजार होता असं नाही. पण थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनशी लागला नाही. लागला तो मनाच्या त्रासाशी, नवऱ्याच्या जबरदस्तीशी. म्हणजे लोहाच्या गोळ्या वाटून जे कळलं नसतं ते बसून विचारल्यावर कळलं. आणि गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायका तपासल्या, त्यात शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग निघाले. त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. १९८९ ची गोष्ट. डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हणायच्या आधी बघितलंच किती, हा प्रश्न मला ते वाचल्यापासून पडतो.

आता दोन गोष्टी दमदाटीने सांगते, मोठी आहे म्हणून. ताकदीची सलाईन लावून घेत फिरू नकोस. दोन-चार तास बरं वाटतं, शेपाचशे जातात आणि पुढच्या आठवड्यात तू पुन्हा त्याच बाकावर. आणि बाजारात पुडीतून मिळणाऱ्या काळ्या गोळ्यांना हात लावायचा नाही. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं, दोन दिवसांत धावायला लागतेस आणि पुढे हाडं आणि साखर यांची वाट लागते. ‘कुणीतरी केलंय’ म्हणून तुझी सासू लिंबू उतरवत असेल तर उतरवू दे, लिंबाने काही बिघडत नाही. पण कोंबड्याचे आणि गंड्याचे पैसे मागणारा आला तर मला फोन लाव.

सासूचं काय करायचं, असं तू दोनदा विचारलंस. माझ्या सासूबाई पहिली चार वर्षं शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, ‘आमच्या वेळी बाळंतीण पाचव्या दिवशी लावणीला जायची.’ मी भांडले, रडले, लेख वाचून दाखवले. उपयोग शून्य. मग एकदा मी भाजी निवडता निवडता पायरीवरच झोपले, मेथी हातात तशीच. त्यांनी हलवलं, मी उठेना, घाबरल्या. त्यानंतर त्या दोरीवरचे कपडे काढायला लागल्या, काही न बोलता. शेजारणीला सांगायच्या, ‘सुनेला तापाने खाल्लं.’ आजाराचं नाव त्यांना शेवटपर्यंत आलं नाही. तुझी सासू तशी वळेल असं वचन मी देत नाही. नवऱ्याला मात्र धर, तुझी वही दर रविवारी त्याने वाचायची. माझे हे धाटावच्या कंपनीत पाळीचा हिशोब ठेवणारे, त्यांना माझ्या रडण्याने कळलं नाही ते वहीतल्या तारखांनी कळलं.

मी बरी झाले का, असं तू विचारायला कचरलीस. पूर्ण नाही. सोळा आण्यांतले दहा आणे आलेत, पावसाळ्यात आठच. दुपारी दोन तास दार लावून पडते आणि फोन उचलत नाही, तुझा सोडून.

रविवारी सकाळच्या मेमूने येते. फाईल काढून ठेव, आधीपासूनचे सगळे कागद तारखेप्रमाणे लाव, जमेल तेवढेच. डबा माझा मी आणते. ताई येणार म्हणून पोह्याच्या पापडाचं पीठ भिजवायला उठलीस, तर दारातूनच परत जाईन.