भाड्याच्या घरात पाळणाघर: परवानगी कोणाची?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहतो. मुलगा चार वर्षांचा आहे. ओळखीतली पाच-सहा मुलं घरी सांभाळायचा विचार आहे. पण वसाहतीच्या संघटनेच्या, म्हणजे एचओएच्या, नियमांत ‘घरात व्यवसाय नको’ असं आहे, घरमालक कां-कूं करतो आणि शेजारीण म्हणते, शहराचा झोनिंग परवाना काढावा लागेल. सध्या सासूबाईही आमच्याकडेच राहतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर: राज्याच्या समाजसेवा खात्याच्या लायसन्सपासून. झोनिंगच्या भीतीने कित्येक जणी अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं, कारण तुमच्या राज्यात त्या भीतीचं कारण आता उरलेलं नाही. पूर्वी 12-14 मुलांच्या मोठ्या पाळणाघरांना शहरं परवाना मागू शकत. एसबी 234 हा कायदा 1 जानेवारी 2020 पासून लागू झाला आणि तेही थांबलं. घरगुती पाळणाघर, लहान असो वा मोठं, हा घराचा राहण्यासाठीचाच वापर मानला जातो. त्यासाठी शहराला झोनिंग परवाना मागता येत नाही, बिझनेस लायसन्सची फीही लावता येत नाही.

एचओएची ती अट लायसन्स असलेल्या पाळणाघराला लागू करता येत नाही. घरमालकही मनाई करू शकत नाही. मात्र सुरू करण्याच्या 30 दिवस आधी त्याला लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत जपून ठेवा.

आता मुलांचा हिशेब नीट करा, कारण चूक इथेच होते. तुमची स्वतःची दहा वर्षांखालची मुलंही संख्येत धरतात. लहान पाळणाघरात साधारण सहा मुलं, म्हणजे तुमचा मुलगा आणि बाहेरची पाच. त्यांत दोन वर्षांखालची तीनच चालतात. आठपर्यंत जाता येतं, पण त्यासाठी मोठ्या वयाच्या मुलांची अट आहे आणि तिथे घरमालकाची लेखी संमती लागतेच. आणि ‘सगळी ओळखीतलीच आहेत’ म्हणून लायसन्सशिवाय सुरू करू नका. लायसन्समधून सूट बाहेरच्या एकाच कुटुंबाची मुलं सांभाळण्यापुरती आहे.

घरात राहणाऱ्या 18 वर्षांवरील प्रत्येकाच्या बोटांचे ठसे द्यावे लागतात. सासूबाईंचेही, त्यांना आधीच समजावून सांगा. खात्याचे लोक तपासणीला येण्याआधी एकदा गुडघ्यांवर बसून घर बघा. जेवणाच्या टेबलावर सासूबाईंची बीपीच्या गोळ्यांची डबी, ओट्याखाली भांडी घासायचा साबण, सुऱ्यांचा खण: मुलांचा हात पोचेल असं काहीही राहता कामा नये. पाच वर्षांखालची मुलं असताना टाउनहाउसच्या जिन्याला फाटक हवंच.

विमा घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. विम्याऐवजी पालकांची सही घेऊन ठेवायची सोय कायद्यात आहे, पण एखादं मूल पडलं तर त्या कागदाने दवाखान्याचं बिल भरलं जात नाही.

व्हिसाबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. एच-4 व्हिसावर असाल, तर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात येईपर्यंत एकाही मुलाचे पैसे घेऊ नका.