मनाच्या तयारीची वाट पाहू नकोस

उमरगा

चि. छकुलीस,


तुझं पत्र मिळालं. मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरायचं ठरवलंयस, फीचे पैसेही बाजूला काढलेस, पण हात पुढे होत नाही म्हणतेस. ‘मनाची तयारी झाली की भरीन’ हे मात्र मला पटलं नाही. आधी मन तयार होतं आणि मग माणूस कामाला लागतो, असं फार थोड्यांच्या बाबतीत घडतं. भीती असतानाच काम सुरू करावं लागतं. ती हळूहळू मागाहून ओसरते.

आपल्या भागाने हे पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गावं झोपली होती. भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि कितीतरी गावं कोसळली. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यातच होतं. हजारो माणसं गेली, ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. ज्यांची घरं उभी राहिली त्यांनाही आत झोपवेना. लोक थंडीवाऱ्यात पत्र्याखाली राहिले.

पुढे घरांच्या मजबुतीकरणाचं काम निघालं. भिंतीत जोडदगड बसवायचे, कोपरे बांधून घ्यायचे, वरच्या मातीचा भार कमी करायचा. घर भक्कम झालं तरी पहिल्या रात्री आत झोपताना छाती धडधडायचीच. पण लोक झोपले. भीती पुरती गेल्यावरच आत जाऊ म्हटलं असतं, तर उघड्यावरच राहावं लागलं असतं.

या कामात गावोगाव बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ संस्थेने त्यांना हाताशी धरलं. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या बाया घरमालकाला अनुदान समजावू लागल्या, गवंड्याच्या कामावर नजर ठेवू लागल्या. धीर आला म्हणून त्या बोलल्या नाहीत. बोलत गेल्या तसा धीर आला. याच संस्थेबरोबर पुढे मराठवाड्यातल्या बायांनी एकेक एकर घरच्यांकडून मागून घेतलं आणि त्यात खाण्याची पिकं घेतली. त्या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आता तुझ्याबद्दल. नापास होण्याची भीती आहे ना? मग सगळ्या पदवीचा विचार आज करू नकोस. फक्त अर्ज भर, पुस्तकं आली की पहिला धडा वाच. भीतीला नेहमी पुढचं सगळं एकदम दिसतं. तू तिला एका वेळी एकच काम दाखव.

‘या वयात कॉलेज’ याची लाज वाटते. लाज लपवली की वाढते. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही, पण विश्वासाच्या एका माणसाला सांग. आणि लक्षात ठेव, नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ साली निघालं तेच शिक्षण मध्ये सुटलेल्यांसाठी. तिथे तू उपरी नाहीस.

लेकरू सासूबाईंकडे ठेवून अभ्यासाला बसणं तुझ्या जिवाला लागतं. त्यात तुझी माया आहे, गुन्हा नाही. पण मनातल्या मनात झुरू नकोस. सासूबाईंशी आणि जावईबापूंशी वेळ ठरवून घे: संध्याकाळचा एक तास, रोज. मोघम मागितलेली मदत कुणाला देता येत नाही. नेमकी मागितलीस तर मिळेल.

राहिला राग. बारावीनंतर तुझं शिक्षण थांबवलं, हे चूकच झालं. तो राग खरा आहे आणि तो सोड असं मी सांगणार नाही. पण कुणाला दाखवून देण्यासाठी शिकू नकोस. त्यांनी पाहिलं नाही तर तुझा उत्साह तिथेच संपेल. तुला अंगणवाडीतल्या पोरांना शिकवायची हौस आहे, तिच्यासाठी शीक.

मध्ये खंड पडेल. आजारपण येईल, लग्नसराई येईल, सोयाबीनच्या काढणीत आठवडे जातील. खंड पडला की ‘मला जमतच नाही’ असा निकाल स्वतःवर लावू नकोस. सुटलेल्या पानापासून पुन्हा धर.

येत्या रविवारी अर्ज भर आणि भरल्याबरोबर मला फोन कर. हात थरथरला तर थरथरू दे, पण अर्ज भर. पुस्तकांचा खर्च माझ्याकडे, त्यावर वाद घालायचा नाही.

सर्वांना नमस्कार, लेकराला गोड पापा.

तुझी,
मावशी