जर्मन पद्धतीचे परतलेले बटाटे

जर्मनीत ‘ब्राटकार्टोफेल्न’ करताना बटाटे बहुधा आदल्या दिवशीच सालासकट उकडून गार करून ठेवतात. मग सोलून, जाडसर चकत्या करून पसरट तव्यात थोड्या तेलावर, मध्यम आचेवर, एकेरी थरात परततात. सारखे ढवळत नाहीत. कांदा शेवटी, नाहीतर करपतो. आपल्या काचऱ्या कच्च्या बटाट्याच्या. पण खरपूस परतायचे तर आरोग्याच्या दृष्टीने जर्मन रीत उजवी. पिष्टमय पदार्थ फार तापले की अ‍ॅक्रिलामाइड तयार होते, हे स्वीडनमध्ये २००२ साली उघड झाले. ते कर्करोगाला कारण ठरण्याचा संभव आहे. आधी उकडल्याने ते कमी बनते. तरी चकत्या सोनेरी होताच उतरवाव्यात. कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. त्यांतील साखर वाढून ते परतताना लवकर काळवंडतात. मधुमेहींनी हा पदार्थ पोळी-भाताऐवजी घ्यावा, जोडीला नव्हे.