इंजिन हॉइस्टचा झिजलेला जॅक : दुरुस्त करावा की बदलावा?

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजाचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत. कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड, जरीमरी, साकीनाका, असल्फा, जोगेश्वरी आणि एल.बी.एस. मार्गाने पुढे मुलुंडपर्यंत त्यांची गॅरेजे दिसतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनी गाडीचे १०८९ सी.सी.चे छोटे इंजिन एके काळी तिकाटणे आणि चेन पुली लावून काढले जाई. आता डिझेल गाड्यांची जड इंजिने गिअरबॉक्ससह उतरवावी लागतात, म्हणून बहुतेक गॅरेजांत चाकांचा हायड्रॉलिक हॉइस्ट आला आहे. या हॉइस्टचा लोखंडी सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो. आधी थकतो तो त्याचा जॅक. मग मालकापुढे प्रश्न येतो, दुरुस्ती करावी की नवा घ्यावा? हा प्रश्न पैशाचा आहेच, पण शेजारी उभ्या असलेल्या शागिर्दाच्या हातापायांचाही आहे.

जॅक काम कसे करतो?

बंदिस्त तेलावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो. सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच विद्वानाने हा नियम मांडला आणि १७९५ साली इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने त्यावरून हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. कापसाच्या आणि कापडाच्या गाठी बांधणारे प्रेसही याच तत्त्वावर चालतात. समजा, पंपाचा दट्ट्या १० मि.मी. जाडीचा आणि वर येणारा रॅम ४० मि.मी.चा आहे. क्षेत्रफळाच्या हिशेबाने जोर १६ पट होतो. दांड्याची तरफ तो आणखी वाढवते. म्हणून एका माणसाच्या हाताने अख्खे इंजिन उचलले जाते.

परंतु हा सारा भार दोन-तीन रबरी सील आणि छोट्या पोलादी गोळ्यांच्या व्हॉल्व्हवर तोललेला असतो, हे विसरू नये.

दुसरा हिशेब हॉइस्टच्या हाताचा. जॅक खुंटीपासून ४० सें.मी.वर आणि हुक १२० सें.मी.वर असेल, तर ५०० किलोच्या इंजिनासाठी जॅकवर सुमारे १५०० किलो भार येतो. हात १६० सें.मी.पर्यंत बाहेर काढला की तोच भार २००० किलो होतो. म्हणूनच हाताच्या प्रत्येक भोकाजवळ वेगळे वजन लिहिलेले असते. ज्या गॅरेजात हात नेहमी शेवटच्या भोकात असतो, तेथे जॅक लवकर झिजतो.

दोष कसा ओळखावा?

दांडा मारताना स्पंजासारखा मऊ लागत असेल तर तेलात हवा शिरली आहे. रॅम अर्ध्यावर येऊन थांबत असेल तर तेल कमी आहे. हे दोन्ही दोष घरच्या घरी जातात. रॅम पूर्ण खाली घ्यावा, व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा भराभर मारावा, तेल बुचाच्या पातळीपर्यंत भरावे आणि व्हॉल्व्ह बंद करावा.

रॅमच्या तोंडाशी किंवा पंपाच्या दट्ट्यापाशी तेल झिरपत असेल तर तेथील सील गेले आहे. बाहेर थेंबही दिसत नाही, तरी भार हळूहळू बसतो, हा सर्वांत फसवा दोष. अशा वेळी आतला सील झिजलेला असतो, नाही तर व्हॉल्व्हच्या गोळीखाली कचरा अडकलेला असतो.

पारख करण्यासाठी एखादे जुने इंजिन जमिनीपासून फक्त वीतभर उचलावे, हुकाची उंची पट्टीने मोजावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. उंची डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली असेल, तर त्या जॅकवर त्या दिवसापासून काम बंद.

दुरुस्ती केव्हा?

फक्त सील गेले असतील तर दुरुस्ती फायद्याची. भार काढून, हात खाली टेकवून जॅक सोडवावा. जुने तेल डब्यात काढावे, गटारात सोडू नये. पावसाळ्यानंतर तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. अशा वेळी आतला गंजही पाहावा. भाग रॉकेल किंवा डिझेलने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि निघाले त्याच क्रमाने स्वच्छ कपड्यावर मांडावेत. जुने सील नमुना म्हणून नागदेवी स्ट्रीटला न्यावे. ऑइल सील आणि ओ-रिंगचा तो मुंबईतला जुना बाजार आहे. अंदाजाने माप सांगून सील आणू नये.

तेल हायड्रॉलिकचेच घालावे. ब्रेक ऑइल चुकूनही नको, कारण त्याने जॅकमधले रबर फुगते आणि नवे सील काही दिवसांत निकामी होते. भार मर्यादेबाहेर गेल्यास दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह कारखान्यात बसवलेला असतो. जास्त वजन उचलावे म्हणून तो कसणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

बदलावा केव्हा?

रॅमवर नख अडकेल एवढा ओरखडा असेल, क्रोम उडून गंजाचे खड्डे पडले असतील, रॅम वाकला असेल किंवा सिलिंडरवर आधी वेल्डिंग झाले असेल, तर नवे सील घालण्यात अर्थ नाही. खड्ड्यांचा रॅम नवे सीलही कापतो. दुसरी कसोटी हिशेबाची. सील, तेल, मजुरी आणि काम बंद राहण्याचे दिवस यांची बेरीज नव्या जॅकच्या अर्ध्या किमतीपुढे जात असेल, तर नवाच घ्यावा.

नवा घेताना पाच मापे लिहून न्यावीत : मिटलेली लांबी, पूर्ण उघडलेली लांबी, वरच्या व खालच्या पिनेची जाडी आणि टनांची क्षमता. साधा बॉटल जॅक येथे चालत नाही. त्याची धाव तोकडी असते आणि दोन्ही टोकांना पिनेची भोके नसतात. पंपाची बाजू जुन्या जॅकप्रमाणेच ठेवावी, नाही तर तिरक्या स्थितीत पंपाला तेल मिळत नाही. याच वेळी हुकाची कुंडी, साखळी, पिना, चाके आणि वेल्डिंगचे जोडही तपासावेत.

जुन्या हॉइस्टचा सौदा

जुना हॉइस्ट विकताना त्यावर ताजा रंग मारून गळका जॅक दडवण्याचे प्रकार बाजारात होतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओला भाग वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. जॅकचा दोषही गिऱ्हाइकाला असाच उघड दाखवला पाहिजे. येथे फसवणुकीने पैसाच नव्हे, माणूसही जाऊ शकतो. घेणाऱ्यानेही भार लावून, पंधरा मिनिटे थांबूनच सौदा पक्का करावा.

सर्वांत मोठा नियम

जॅक नवा असो वा जुना, त्याचे काम उचलण्याचे आहे. धरून ठेवण्याचे काम घोडीचे. इंजिन बाहेर निघाले की लगेच घोडीवर किंवा जमिनीवर टेकवावे. हॉइस्टला लटकत ठेवून नमाजला किंवा जेवायला जाऊ नये. लटकत्या इंजिनाखाली हात घालू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. उंटाला बांधल्यावरच तवक्कुल, ही शिकवण येथेही लागू पडते.

१९४८ च्या कारखाना कायद्याने भार उचलणाऱ्या यंत्रांची निदान १२ महिन्यांतून एकदा जाणकाराकडून तपासणी सक्तीची केली होती. छोटी गॅरेजे त्या कक्षेत येत नसत, पण नियम शहाणपणाचा आहे. जॅकला पत्र्याची पट्टी बांधून तेल व सील बदलल्याची तारीख तिच्यावर कोरावी आणि दर वर्षी पावसाळा संपला की तपासणी करावी. शागिर्द ही त्याच्या आईबापांनी उस्तादाकडे सोपवलेली अमानत आहे. एका सीलच्या बचतीसाठी ती धोक्यात घालणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.