फोनची बॅटरी कोण खाते?



देहूरोड, निगडी, भोसरी किंवा चाकण या भागात तुम्ही राहत असाल, तर एक तक्रार तुमच्या घरी नक्की ऐकली असेल. "सकाळी फोन पूर्ण भरून नेला होता. कोणाशी फारसे बोललोही नाही. तरी संध्याकाळी बॅटरी संपली कशी?" मग घरातले कोणीतरी निकाल देऊन मोकळे होते, "हे सगळे त्या ५-जीमुळे!"

हा निकाल बरोबर आहे का? प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. रात्रपाळी सुटल्यावर शेवटची बस चुकते, घाटात गाडी बंद पडते, घरी कोणी अचानक आजारी होते, आणि नेमक्या त्याच वेळी खिशातला फोन मुका झालेला असतो. म्हणून बॅटरी नेमकी कोण खाते, हे आज नीट समजून घेऊ या.

ऐकणारे यंत्र आणि बोलणारे यंत्र

जुना ट्रान्झिस्टर रेडिओ दोन-चार सेलांवर कित्येक दिवस चाले. का बरे? कारण तो फक्त ऐकत असे. आकाशवाणीच्या केंद्राला उलट उत्तर देण्याचे काम त्याला नव्हते.

फोनचे तसे नाही. तो ग्राहकही आहे आणि प्रेषकही आहे. टॉवरकडून येणाऱ्या रेडिओ लहरी तो ऐकतो आणि स्वतःच्या लहरी टॉवरपर्यंत पोहोचवतो. तुम्ही बोलत नसलात तरी तो दर एक-दोन सेकंदांनी क्षणभर जागा होऊन "माझ्यासाठी काही निरोप आहे का?" हे ऐकतो आणि पुन्हा झोपतो. या झोपेवरच त्याचे आयुष्य अवलंबून असते. फोन जितका जास्त वेळ झोपेल, तितकी बॅटरी टिकेल. त्याची झोप मोडणारी आणि त्याला ओरडायला लावणारी प्रत्येक गोष्ट बॅटरी खाते.

किती मोठ्याने बोलायचे?

मित्र शेजारी बसला असेल तर तुम्ही कुजबुजता. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर ओरडता. फोन अगदी हेच करतो. टॉवर त्याला सतत सूचना देत असतो, "आवाज वाढव", "आता कमी कर". ४-जीच्या साध्या फोनची जास्तीत जास्त प्रेषणशक्ती सुमारे ०.२ वॅट असते. टॉवर जवळ असेल आणि वाट मोकळी असेल, तर तो हीच शक्ती लाखो पटींनी कमी करू शकतो.

०.२ वॅट हा आकडा लहान दिसतो. पण लहरी बाहेर टाकणारा प्रवर्धक सगळी वीज लहरींत बदलू शकत नाही. बराच भाग उष्णता होऊन वाया जातो. कमजोर सिग्नलच्या जागी बोलताना फोन गरम का लागतो, त्याचे एक कारण तुम्हांला इथे सापडेल.

सिग्नल मोजण्यासाठी डीबीएम नावाचे माप वापरतात. फोनवर हा आकडा उणे चिन्हासह दिसतो. उणे ७० म्हणजे चांगला सिग्नल, उणे ११० म्हणजे फार कमजोर. या मापाची गंमत अशी, की दर १० नी आकडा घसरला की शक्ती दहावा हिस्सा होते. उणे ७० वरून उणे ८० म्हणजे एक दशांश, उणे ९० म्हणजे एक शतांश. आता तुम्हीच सांगा, उणे ७० आणि उणे ११० यांत किती पटींचा फरक झाला? दहा हजार पटींचा! पडद्यावरच्या चार-पाच दांड्या पाहून हा फरक कळत नाही, म्हणून दांड्यांवर फार विसंबू नये.

वाट अडवणारे तीन जण

पहिले अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरींची शक्ती एक चतुर्थांश होते. इमारती, झाडे आणि चढउतार असलेल्या वस्तीत ती याहूनही वेगाने घटते.

दुसरा डोंगर. देहूरोडहून तळेगावकडे जाताना घोरावडेश्वराचा डोंगर तुम्ही पाहिला असेल. अशा डोंगराच्या एका बाजूला टॉवर आणि दुसऱ्या बाजूला फोन असेल, तर फोन डोंगराच्या सावलीत सापडतो. उन्हाची सावली डोळ्यांना दिसते, रेडिओ लहरींची दिसत नाही, इतकेच.

तिसरा पत्रा. आपल्या औद्योगिक पट्ट्यात हा सर्वांत महत्त्वाचा. कारखान्यांच्या शेडना पोलादी पत्र्याचे छप्पर असते आणि पुष्कळदा भिंतीही पत्र्याच्याच असतात. धातूवर पडलेली रेडिओ लहर बहुतांशी परत फिरते. आत शिरायला तिला दारे, खिडक्या आणि उजेडासाठी मधूनमधून बसवलेले फायबरचे अर्धपारदर्शक पत्रे एवढीच वाट उरते. म्हणजे टॉवर कुंपणापलीकडेच असला तरी शेडच्या मध्यभागी, यंत्राजवळच्या कपाटात ठेवलेल्या फोनला तो कित्येक मैल दूर असल्यासारखा वाटतो. पाळीचे आठ तास फोन कपाटात "नुसता पडून" होता, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो आठ तास धडपडत होता.

सिग्नल पार नाहीसा झाला तर फोन आणखी दमतो. मग तो एकामागून एक सगळ्या कंप्रतांवर टॉवर शोधत राहतो. बोलणारे कोणी नाही, तरी कान लावून बसणे त्याला सोडता येत नाही.

५-जीच्या लहरी जास्त वेगाने धावतात का?

नाही. हा गैरसमज आधी दूर करू या. २-जी असो वा ५-जी, सर्व रेडिओ लहरी प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. "वेगवान" याचा अर्थ एका सेकंदात जास्त माहिती वाहून नेणारे.

किवळ्याजवळ जुना पुणे-मुंबई रस्ता आणि द्रुतगती मार्ग एकमेकांना भेटतात. द्रुतगती मार्गाला मार्गिका जास्त, म्हणून एका तासात तिथून जास्त गाड्या जातात. रेडिओच्या जगात या रुंदीला पट्टारुंदी म्हणतात. २-जीचा एक पट्टा फक्त ०.२ मेगॅहर्ट्‌झ रुंद असतो. ४-जीचा एक पट्टा २० मेगॅहर्ट्‌झपर्यंत, तर ३३०० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या ५-जीचा १०० मेगॅहर्ट्‌झपर्यंत रुंद असू शकतो. पण रुंद रस्ता सांभाळायला खर्चही जास्त. एवढा रुंद पट्टा ऐकायचा, त्यातली माहिती उलगडायची, तीही एकापेक्षा अधिक अँटेनांनी, म्हणजे फोनमधल्या इलेक्ट्रॉनिक मंडलांना क्षणाक्षणाला जास्त काम पडते.

दुसरी गोष्ट तरंगलांबीची. ७०० मेगॅहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, तर ३५०० मेगॅहर्ट्‌झच्या लहरीची ९ सेंटिमीटरहून थोडी कमी. लहर आखूड झाली की ती भिंतींत जास्त शोषली जाते आणि अडथळ्याला वळसाही कमी घालते. म्हणून अंगणात उत्तम मिळणारे ५-जी माजघरात लंगडू लागते.

तिसरी गोष्ट जोडणीची. भारतात ५-जी सेवेचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. ती दोन प्रकारे पुरवतात. एका प्रकारात ५-जी स्वतंत्र असते. दुसऱ्यात ते ४-जीच्या आधाराने चालते, आणि माहिती वाहत असताना फोनला दोन्हीकडे संबंध ठेवावा लागतो. दोन बैठकांना एकाच वेळी हजेरी लावणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते.

आता हिशेब करू

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, "म्हणजे ५-जीच दोषी!" थांबा. निकाल देण्यापूर्वी हिशेब करायला हवा. पुढचे आकडे समजुतीसाठी धरले आहेत. फोनगणिक ते बदलतील.

फोनची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तास आणि ३.८५ व्होल्टची धरू. तिच्यातली ऊर्जा सुमारे १९.२५ वॅट-तास, म्हणजेच जवळजवळ ६९,००० ज्यूल. तुम्हांला ३०० मेगाबाइटचा एक धडा उतरवून घ्यायचा आहे. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून एकूण २४०० मेगाबिट झाले.

चांगले ४-जी: सेकंदाला २० मेगाबिट. वेळ १२० सेकंद. फोन १.२ वॅट खातो असे धरले, तर खर्च १४४ ज्यूल.

चांगले ५-जी: सेकंदाला २०० मेगाबिट. वेळ १२ सेकंद. फोन दुप्पट, म्हणजे २.४ वॅट खातो. खर्च सुमारे २९ ज्यूल. काम संपल्यावरही फोन लगेच झोपत नाही, थोडा वेळ जागा राहतो. त्याचे १० सेकंद, १ वॅटने १० ज्यूल मिळवू. एकूण ३९ ज्यूल.

कमजोर सिग्नल, मग तो कोणताही असो: सेकंदाला २ मेगाबिट. वेळ १२०० सेकंद. चुकलेले भाग पुन्हा मागवत, ओरडून बोलत फोन २ वॅट खातो. खर्च २४०० ज्यूल!

पाहिलेत? क्षणाचा खर्च दुप्पट असूनही चांगले ५-जी स्वस्त पडले, कारण ते काम झटपट आटोपून झोपले. खरा खादाड निघाला तो कमजोर सिग्नल. धडा एकच, पण खर्च चांगल्या ५-जीच्या साठपटीहून जास्त.

मात्र ५-जीचा हा फायदा मोठ्या कामातच दिसतो. चार शब्दांचा निरोप दोन्हीकडे क्षणात जातो. तिथे खरा खर्च निरोपाचा नसून जागे होण्याचा आणि जागे राहण्याचा असतो. दर मिनिटाला टिंगटिंग करणारे दहा कार्यक्रम फोनमध्ये भरले असतील, तर दोष जाळ्याला देऊन चालणार नाही.

गर्दीचेही असेच. आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीला मुक्कामाला येते, तेव्हा त्याच टॉवरांवर एकाएकी हजारो फोन येतात. दांड्या भरलेल्या दिसतात, पण प्रत्येकाच्या वाट्याला माहितीचा थोडासाच भाग येतो. काम रेंगाळते, झोप लांबते, बॅटरी उतरते.

पंधरा टक्क्यांवर फोन बंद का पडतो?

प्रत्येक बॅटरीला आंतररोध असतो, आणि बॅटरी जुनी होत गेली की तो वाढतो. फोन पूर्ण ताकदीने लहरी टाकू लागला की विद्युतप्रवाह एकदम वाढतो आणि या रोधामुळे व्होल्टता खाली येते. ती ठराविक मर्यादेखाली गेली की फोन स्वतःला बंद करतो. म्हणून जुना फोन नेमका कमजोर सिग्नलच्या जागी, बोलता बोलता बंद पडतो. संकटाच्या वेळी "पंधरा टक्के आहेत की" या भरवशावर राहू नये, ते यासाठी.

स्वतः करून पाहा

१. बऱ्याच फोनांत सेटिंग्जमध्ये "सिम स्टेटस" या ठिकाणी सिग्नलचा डीबीएम आकडा दिसतो. घरातल्या प्रत्येक खोलीत, खिडकीजवळ आणि गच्चीवर तो वहीत टिपा.

२. मोठ्यांबरोबर लोकलने आकुर्डीहून तळेगावला जाल तेव्हा देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी या प्रत्येक स्थानकावर आकडा टिपा. डब्याच्या मध्यभागी आणि खिडकीशी वेगळा येतो का? दाराशी मात्र उभे राहू नका.

३. फोन स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून वाजवून पाहा. पुष्कळदा तो तरीही वाजतो! लहर कोठून शिरली? झाकणाची फट तपासा. मग फोन घरातल्या ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खात दोन पदरी गुंडाळून पुन्हा पाहा.

४. एक रात्र फोन नेहमीसारखा आणि दुसऱ्या रात्री विमान-अवस्थेत त्याच जागी ठेवा. सकाळी किती टक्के घट झाली? जिथे सिग्नल कमजोर आहे, तिथे हा फरक मोठा दिसेल.

मग करावे काय?

मोठे धडे, चित्रपट, नकाशे घरी चांगल्या सिग्नलवर किंवा वायफायवर आधीच उतरवून घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये परवानगी असेल तर फोन कपाटाऐवजी खिडकीजवळ ठेवायला घरच्यांना सांगा. ५-जी सारखे येऊन-जाऊन करत असेल तर त्या जागेपुरते ४-जी निवडा. पण चांगले मिळत असेल तर उगाच बंद करू नका. गडावर चढताना फोन विमान-अवस्थेत ठेवा आणि ठरलेल्या वेळी माथ्यावर उघडा. मात्र घरी कोणी तुमच्या फोनची वाट पाहत असेल, तर तसे आधी सांगून ठेवा, कारण विमान-अवस्थेतल्या फोनवर निरोप पोहोचत नाही. आणि हे ध्यानात असू द्या, की ११२ हा संकटकालीन क्रमांक फिरवताना तुमच्या कंपनीचा सिग्नल नसला, तरी फोन तिथे मिळेल त्या दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून प्रयत्न करतो. त्यासाठी बॅटरीत थोडी धुगधुगी मात्र शिल्लक हवी.

विचार करा

१. उणे ८५ आणि उणे १०५ डीबीएम यांत किती पटींचा फरक आहे?

२. वरच्या हिशेबात कमजोर सिग्नलवर पूर्ण भरलेल्या बॅटरीचे सुमारे किती टक्के खर्च झाले?

३. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्या अतिशय क्षीण लहरी गोळा करतात. फोनची अँटेना तशी मोठी करता येत नाही. मग कमजोर सिग्नलच्या जागी फोनपाशी कोणते उपाय उरतात?

उत्तरे आधी वहीत लिहा, आणि मग घरातल्या त्या तक्रारीचा निकाल तुम्हीच द्या.